प्रमाणपत्रानंतरचं वर्ष

१९४५च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने पुनर्वसन आणि रोजगाराचं एक महासंचालनालय काढलं. महायुद्ध संपत आलं होतं, फौजेतून मोकळे होणारे लाखो जवान घरी परतणार होते. कुठे जागा रिकामी आहे आणि कुणाच्या हातात कोणतं काम आहे, हे एका वहीत लिहिलेलं असावं, एवढी साधी कल्पना. त्यातून सेवायोजन कार्यालयं उभी राहिली, ज्यांना सगळे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत आले. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि जवानांसाठी उघडलेल्या खिडकीपुढे निर्वासित येऊन उभे राहिले. १९४८च्या सुरुवातीला ती खिडकी सगळ्यांसाठी खुली झाली.

कल्याणच्या लष्करी छावणीत याच क्रमाने गोष्टी घडल्या. जवान गेले, बराकी उरल्या आणि सिंधमधून आलेली लाखभर माणसं त्या बराकींत राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी नव्या शहराची कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून त्याला उल्हासनगर हे नाव मिळालं. कॅम्प एक ते कॅम्प पाच हे पत्ते आजही चालतात. मोठ्या वयाच्या, संसार अंगावर असलेल्या माणसाला सरकारने नवं काम कसं शिकवायचं आणि कामाला कसं लावायचं, हा प्रश्न उल्हासनगराइतकाच जुना आहे. शेजारच्या अंबरनाथ आणि बदलापूरलाही तो आता सोडत नाही. या तीन शहरांत हे काम कसं चालत आलं, कुठे अडलं, आणि पैसा खर्च होऊनही हाती कमी का लागतं, हे एकत्र पाहावं म्हणून हा आढावा.

जुनी व्यवस्था का चालली, हे आधी पाहू. १९५०मध्ये केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून आयटीआय वाढल्या. १९६१मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला. अंबरनाथला तेव्हा रसायनांचा धरमसी मोरारजी कारखाना होता, आगपेट्यांची विम्को होती (कारखान्याच्या नावाचा नाका अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे), १९५३पासून दारूगोळ्याची ऑर्डनन्स फॅक्टरी होती, तिच्या जोडीला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. शहाडला सेंचुरी रेयॉन. अंबरनाथ आणि उल्हासनगर दोन्हीकडे शासकीय आयटीआय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन. दोन वर्षं आयटीआय, एक वर्ष ॲप्रेंटिस, मग कायम. या तीन पायऱ्यांवर इथल्या कितीतरी घरांची पहिली पक्की भिंत उभी राहिली.

त्या काळच्या यशाचं श्रेय आपण प्रशिक्षणाला देतो. मला वाटतं त्यातलं निम्मं श्रेय कारखान्याच्या गेटचं होतं. आयटीआयमध्ये जे कच्चं राहिलं ते फोरमन पक्कं करून घेत असे. मुलगा टिकला की नाही, हे हजेरीपटावर दिसत असे. म्हणजे प्रशिक्षणानंतर माणसाची विचारपूस करण्याचं काम कारखाना करत होता आणि सरकारला ते कधी करावंच लागलं नाही. पुढे कायम भरती आटली, ठेकेदारी वाढली. १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथची फॅक्टरी यंत्र इंडियाकडे गेली, प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. गेट अजून आहे, पण पूर्वीची वाट त्याच्याशी जाऊन मिळत नाही. जी विचारपूस कारखाना करत होता ती आता कोण करणार, हे कुठल्याही योजनेने नीट ठरवलेलं नाही. माझ्या मते साऱ्या विषयाचा गाभा हा आहे.

सेवायोजन कार्यालयाचं काय झालं, तेही थोडक्यात. १९५९च्या कायद्याने मोठ्या आस्थापनांना रिकाम्या जागा कळवण्याची सक्ती झाली. तिथूनच माणूस घेण्याची सक्ती कधीच नव्हती. तरी सरकारी नोकरीसाठी नाव घालणं, कार्ड रिन्यू करणं, कॉल यायची वाट पाहणं हा एका पिढीचा उद्योग होता. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ या कार्यालयाने पाठवलेल्या नावांतून भरती करू नका, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, येणाऱ्या सर्वांचा विचार करा. निर्णय न्यायाचा होता. पण त्यानंतर नाव घालण्याला अर्थ उरला नाही आणि खिडकी ओस पडली. आज तिची जागा जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राने आणि ‘महास्वयंम्’ या संकेतस्थळाने घेतली आहे. केंद्र ठाण्याला, संकेतस्थळ मोबाइलवर.

बदलापूरच्या कुळगावात राहणाऱ्या, दहावीनंतर शाळा सुटलेल्या, दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर काम शोधणाऱ्या बाईने आज कुठे जायचं? जिल्ह्याचं केंद्र कौशल्य विभागाचं. आयटीआय त्याच विभागाची, पण संचालनालय वेगळं. नगरपरिषदेची महिला व बालकल्याण समिती वेगळी. २०२४पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा कक्ष नगरपरिषदेतच होता, पण बहुतेक पैसा आणि नियम केंद्राचे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचं सेंटर खासगी संस्थेचं, एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. नवरा बांधकामावर असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ, जात-प्रवर्गानुसार महामंडळ. प्रत्येक दारावर आधार, बँकेचं पासबुक, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला. आणि कुठल्याच दारामागे तिची मागची फाइल नसते. तिने गेल्या वर्षी दुसऱ्या योजनेत तीन महिने काही शिकलं होतं, हे पुढच्या टेबलाला माहीत नसतं. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची अडीच लाखांवर, कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाख होती. एका रेल्वेमार्गावर सलग वसलेल्या या सव्वानऊ लाखांहून अधिक माणसांसाठी, कामाच्या प्रश्नाची जबाबदारी अंगावर घेणारं एकही टेबल नाही.

योजनांचा पैसा कसा सुटतो ते पाहिलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५मध्ये आली. तिच्या २०१६ ते २०च्या टप्प्यात प्रशिक्षण संस्थेला मिळणारी रक्कम तीन हप्त्यांत होती: बॅच सुरू झाली की ३० टक्के, उमेदवार परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळालं की ५० टक्के, आणि नोकरी लागल्यावर उरलेले २०. म्हणजे माणसाला काम मिळण्याआधीच ८० टक्के पैसा पोचता झालेला. शेवटच्या २० टक्क्यांसाठी नव्वद दिवस कागद गोळा करत फिरण्यापेक्षा नवी बॅच भरणं संस्थेला परवडत असे. इथे सगळ्या संस्थांना लबाड ठरवायची गरज नाही. प्रामाणिक संस्थेलाही भाडं, मास्तरांचा पगार, यंत्रांचा हप्ता द्यायचा असतो. पैसा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला तीही जाणारच.

२०१६मध्ये नेमलेल्या शारदा प्रसाद समितीने केंद्राला हेच बजावलं होतं: सगळे आकड्यांच्या मागे आहेत, तरुणांना काम आणि उद्योगांना हवी ती माणसं, दोन्ही बाजूला पडलं आहे. महालेखापरीक्षकांचा या योजनेवरचा अहवाल डिसेंबर २०२५मध्ये संसदेपुढे आला. तपासलेल्या सुमारे ९६ लाख उमेदवारांपैकी ९४ टक्क्यांहून अधिक जणांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्यं, ‘नल’ किंवा काहीच नव्हतं. अल्पमुदतीचं प्रशिक्षण आणि विशेष प्रकल्पांतून प्रमाणपत्र मिळवलेल्यांपैकी ४१ टक्क्यांना काम लागल्याची नोंद होती. ४१चा आकडा वाईट आहेच, पण मला तो रिकामा रकाना अधिक अस्वस्थ करतो. ज्याला बक्षिसाची रक्कम खात्यात द्यायची होती त्याचा खाते क्रमांकच नाही, तर वर्षभराने त्याचं काय झालं हे कुणाला आणि कसं कळणार?

आता शिवणकामाकडे येतो, कारण या पट्ट्यात योजना आणि धंदा यांची चुकामूक सर्वांत स्पष्ट तिथे दिसते. नगरपालिकांनी अंदाजपत्रकातले ५ टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. महाराष्ट्रभर त्यातून तीच तीन-चार प्रशिक्षणं निघतात: शिवणकाम, ब्युटी पार्लर, संगणक, कधी मेंदी. शेवटी कार्यक्रम, प्रमाणपत्रं, पायाने चालवायच्या शिलाई मशीनचं वाटप. घरी ब्लाऊज शिवून चार पैसे मिळवणाऱ्या बाईला त्या मशीनचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण उल्हासनगर हे देशातल्या जीन्सच्या मोठ्या बाजारांपैकी एक. तिथल्या कारखान्यात माणूस अख्खी पँट शिवत नाही. एक जण बेल्ट लावतो, एक लूप, एक चेन, एक खिसा. काज-बटण वेगळं, धागे कापणं वेगळं. सगळं विजेवर पळणाऱ्या जुकी आणि ओव्हरलॉक मशीनवर, पीस रेटने. ज्या बाईने तीन महिने पायमशीनवर परकर-ब्लाऊज शिकला, ती त्या वेगापुढे पहिल्याच दिवशी बिचकते. शिकवणारा वर्ग आणि काम देणारा कारखाना यांच्यात एका रिक्षेच्या भाड्याचं अंतर असतं, तरी दोघांची भेट होत नाही. अभ्यासक्रम मंजूर होतो तो राज्याच्या किंवा देशाच्या यादीतून. शहरात काय चालतं हे नगरपालिकेला माहीत असतं, पण यादी तिच्या हातात नसते.

जीन्सच्या गोष्टीला दुसरा, कडू भाग आहे. वालधुनी नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण हरित न्यायाधिकरणात आणि सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८च्या सुमारास शहरातले जीन्स धुण्याचे कारखाने बंद करण्याची कारवाई झाली. नदीचं जे झालं होतं ते पाहिलेल्या कुणालाही ती कारवाई गरजेची वाटेल, मलाही वाटते. पण कारखाना बंद करणारा हात प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, प्रशिक्षण देणारा हात कौशल्य विभागाचा, आणि एकाने काही केलं की दुसऱ्याला कळवायची रीत आपल्याकडे नाही. धुलाईवर दहा-पंधरा वर्षं घालवलेला चाळिशीचा कामगार कुठल्याच रजिस्टरवर नव्हता. ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम, पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. राज्य कामगार विम्याची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ नोकरी सुटलेल्याला नव्वद दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम देते, पण त्यासाठी आधी विमा हवा.

बंद पडणाऱ्या उद्योगातल्या माणसांना नवं काम शिकवावं हा विचार सरकारला सुचला नव्हता असं नाही. १९९२मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला तो यासाठीच. त्यातला बहुतेक पैसा सरकारी कारखान्यांतल्या स्वेच्छानिवृत्तीत गेला, पुनर्प्रशिक्षणाच्या वाट्याला थोडाच आला. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे: कामावरून कमी केलेल्या कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांची मजुरी भरायची आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. रक्कम मिळेल ती चांगलीच. पण पंधरा दिवसांच्या मजुरीत घरभाडं भागतं. टर्नरचा सीएनसी ऑपरेटर होत नाही.

वयाची अट हा याच दुखण्याचा भाग. ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ अठरा ते पस्तीस वयासाठी. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना पंचेचाळिशीपर्यंत. आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही, पण वर्ग दिवसा, पूर्ण वेळ, वर्ष-दोन वर्षांचा. ज्याची चूल रोजच्या हजेरीवर पेटते त्याने शिकायला बसायचं तर घरात काय न्यायचं, याचं उत्तर बहुतेक योजनांकडे नाही. आपण ‘युवा’ हा शब्द इतका धरून बसलो आहोत की मोठ्या माणसाची बेरोजगारी आपल्याला दिसेनाशी झाली आहे. कारखाना बंद पडतो तेव्हा सर्वांत जास्त अडतो तो सेहेचाळीस वर्षांचा माणूस.

युवा कार्य प्रशिक्षणाचा प्रयोग मात्र नीट समजून घ्यायला हवा. शिक्षित बेरोजगारांना प्रत्यक्ष कामाच्या जागी विद्यावेतनावर अनुभव देण्याचा राज्याचा रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम १९७४पासूनचा आहे. जुलै २०२४मध्ये त्याला नवं नाव आणि मोठा पैसा मिळाला. बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार, मुदत सहा महिने. वर्षाला दहा लाख जणांचं लक्ष्य. पैसा थेट खात्यात, आणि शिकण्याच्या काळात घर चालण्याची सोय, ही योजनेची खरी जमेची बाजू. पण प्रशिक्षणार्थी मोठ्या संख्येने सरकारी आणि निमसरकारी कचेऱ्यांत गेले. तिथे वर्षानुवर्षं पदं रिकामी, म्हणून ही मुलं प्रत्यक्षात रिकाम्या खुर्च्यांवर बसली, आवक-जावक लिहू लागली, दाखले टाइप करू लागली. सहा महिन्यांनी ‘जा’ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, काम तर आम्हीच करतो आहोत, मग जायचं कुठे? आंदोलनं झाली, २०२५मध्ये मुदत अकरा महिने झाली. त्या मुलांचा प्रश्न रास्त होता. जिथे पुढे भरतीच होणार नाही तिथे घेतलेला अनुभव दुसरीकडे कुणाला दाखवायचा, हे योजना आखतानाच ठरायला हवं होतं. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यात तेच सहा महिने घालवले असते तर निदान गेटच्या आत पाय पडला असता.

तिथेही अडचण आहे. शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे. त्याखाली सक्ती नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत लहान कारखाने भरपूर, आणि ठेकेदारांच्या नावावर विभागलेली माणसंही भरपूर. लहान मालकाला ॲप्रेंटिस नको असतो असं नाही; त्याला संकेतस्थळ, करार, मासिक परतावा हे सगळं करायला माणूस नसतो. हे कागद त्याच्या वतीने करून देणारा एक कारकून एमआयडीसीत बसवला तर एखाद्या मोठ्या मेळाव्यापेक्षा अधिक जागा निघतील, असं मला खात्रीने वाटतं.

एक गोष्ट या भागातल्या नोकरदारांनी जाणून घ्यावी अशी आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७२च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली रोजगार हमी योजना, १९७७चा कायदा, १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून अंमल: मागेल त्याला काम देण्याचा हा कायदा महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी केला. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५मध्ये व्यवसाय कर बसवला. पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असा जो ‘पीटी’ कापला जातो, तो हा. शहरातल्या पगारदाराने गावातल्या भूमिहीनासाठी दिलेला तो वाटा मला आपल्या राज्याची फार मोठी गोष्ट वाटते, आणि तो कमी करावा असं मी म्हणणार नाही. पण आज उल्हासनगरच्या नाक्यावर सकाळी आठला हत्यारांची पिशवी घेऊन उभा असलेला माणूस त्या हमीत येत नाही, कारण तो शहरात राहतो. केरळने २०१०मध्ये, राजस्थानने २०२२मध्ये शहरी रोजगाराची योजना करून पाहिली. जिथून ही कल्पना निघाली त्या महाराष्ट्रात शहरी हमीवर गंभीर चर्चाही होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

बाहेरच्या जगाकडे पाहायचं तर अमेरिकेचा एक अनुभव आपल्या उपयोगी आहे. १९८२च्या तिथल्या कायद्याने प्रशिक्षण संस्थांना नोकरी लागल्याच्या आकड्यांवर बांधलं. संस्थांनी काय केलं? ज्यांना तसंही काम मिळालं असतं अशा हुशार, शिकलेल्या उमेदवारांना निवडून घेतलं आणि अवघड माणसांना दारातून परत पाठवलं. दुधावरची साय काढून घ्यावी तसं. पुढे कायदे बदलत गेले. २०१४च्या कायद्यानुसार माणूस कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत कामावर आहे का, हे वेतनाच्या सरकारी नोंदींवरून तपासतात, आणि तुलना करताना उमेदवार किती अडचणीचे होते हेही धरतात. नोंद संस्थेच्या हातात नाही, म्हणून खोट्या ऑफर लेटरचा उपयोग होत नाही.

आपल्याकडे हे अशक्य नाही. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांच्या नोंदी दर महिन्याला होतात. १ ऑगस्ट २०२५पासूनच्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत पहिल्यांदा नोकरीला लागलेल्याला १५ हजारांपर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत मिळते, पहिला हप्ता सहा महिन्यांनी, दुसरा बारा महिन्यांनी, आणि टिकल्याची खात्री निर्वाह निधीच्या नोंदीवरूनच होते. म्हणजे सरकारने हे यंत्र जुळवलेलंच आहे. प्रशिक्षण संस्थेच्या रकमेतला निम्मा भाग त्याच नोंदीवर, बारा महिन्यांनी द्यायला हरकत कोणती? पस्तिशी ओलांडलेल्या, दहावी न झालेल्या, दिव्यांग उमेदवारामागे दर जास्त ठेवावा, म्हणजे साय काढण्याचा मोह कमी होईल.

पीस रेटवरची जीन्सची कारागीर किंवा घरी पोळीभाजीचे डबे करणारी बाई निर्वाह निधीच्या यादीत सापडणार नाही, हा आक्षेप खरा आहे. तिच्यासाठी माणूसच जायला हवा. उपजीविका अभियानामुळे नगरपालिकांत समुदाय संघटक आले, त्यांना वस्तीतली घरं नावानिशी माहीत असतात. वर्षातून दोनदा त्यांनी प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येक दाराशी जाऊन विचारावं: काय करता, किती मिळतं, मशीन चालतं का, की माळ्यावर आहे? उत्तरं शहरवार जाहीर व्हावीत. आणि हे सगळं सांभाळणारं टेबल नगरपालिकेत असावं, तीनही शहरांत एकेक, सगळ्या योजनांसाठी एकच, जिथे एकदा दिलेली कागदपत्रं पुन्हा मागितली जाणार नाहीत.

शिकवायच्या जागांची वाण नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये राज्याने ‘स्टेप’ हा अल्पमुदतीचा रोजगारक्षमता कार्यक्रम चारशे शासकीय आयटीआयमध्ये आणि दीडशे तांत्रिक विद्यालयांत सुरू केला. आयटीआयची यंत्रं, मास्तर आणि नाव आता मोठ्या माणसांनाही मिळू शकतं. गेल्या दहा वर्षांतलं हे मला सर्वांत आशेचं पाऊल वाटतं. त्याची वेळ मात्र कामगाराच्या घड्याळावर लावावी लागेल. मुंबईत वरळीला १९६७मध्ये देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, तेव्हा गिरणीच्या पाळ्या पाहून अभ्यासाच्या वेळा ठरवल्या होत्या. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत आजही सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा पाळ्या चालतात आणि आठवड्याला बदलतात. वेल्डिंगचा एकच धडा सकाळी एकदा आणि संध्याकाळी पुन्हा एकदा घेतला, तर पाळी बदलली तरी माणसाचा वर्ग बुडणार नाही.